सेवागृहांची तपासणी : दीडशे वर्षांचा मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गेल्या पन्नास वर्षांतील कार्याचा आढावा अन्य मान्यवर लेखक घेणारच आहेत. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या आणि काहीशा रूक्ष वाटणाऱ्या विषयाकडे सुज्ञ वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. वृद्ध, आजारी, अनाथ, मनोरुग्ण अशा परावलंबी माणसांना जेथे ठेवून घेतले जाते, त्या निवासी सेवागृहांची तपासणी आपल्या प्रदेशात केव्हा सुरू झाली, ती कशी बदलत गेली आणि आज ती कोठे येऊन थांबली आहे, हा तो विषय होय. दान देण्याचे संस्कार आपल्या समाजाला नव्याने शिकवावे लागत नाहीत. तथापि दिलेल्या दानातून उभ्या राहिलेल्या घरात माणूस प्रत्यक्ष कसा राहतो, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखाद्या सेवागृहास हातभार लावण्याचा विचार आपल्यात बोलला जात असताना हा इतिहास माहीत असणे अगत्याचे आहे.

प्रतिलेखनेचा वारसा

तपासणी हा शब्द ऐकला की सरकारी अधिकारी, फायली आणि दंड यांची आठवण होते. वास्तविक आपल्या परंपरेत तपासणी ही धर्माचरणाचाच भाग आहे. साधु-साध्वी आपली वस्त्रे, पात्रे आणि उपकरणे दररोज ठरलेल्या वेळी डोळ्यांखालून घालतात. त्यास प्रतिलेखना अथवा पडिलेहण म्हणतात. वस्त्राची एकेक घडी उलगडावयाची, ते दोन्ही बाजूंनी पाहावयाचे आणि त्यात सूक्ष्म जीव असल्यास त्यास इजा न होईल अशा रीतीने दूर करावयाचे, असा हा विधी आहे. दिगंबर परंपरेत हेच कार्य मयूरपिच्छीच्या साहाय्याने होते. काल वस्त्र स्वच्छ होते म्हणून आज पाहिले नाही, अशी सवलत तेथे नाही. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसास यातील मर्म विशेष जाणवते. ताग्याचा वरचा पदर नेहमीच चांगला असतो. दोष असतो तो आतल्या घडीत, आणि तागा पूर्ण उलगडून उजेडात धरल्याशिवाय तो दिसत नाही.

दुसरा शब्द वैयावृत्याचा. सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्याची गणना होते. आचार्य, तपस्वी, वृद्ध यांच्याबरोबरच ग्लान म्हणजे आजारी साधूची सेवा हा त्याचा मुख्य भाग. सेवेस तपाचा दर्जा दिला की ती हलगर्जीपणाने करता येत नाही, हे ओघानेच आले. मुक्या प्राण्यांच्या बाबतीत आपल्या समाजाने हीच भावना संस्थारूपाने उभी केली. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. भाकड व जखमी जनावर सांभाळणे म्हणजे त्यास केवळ दावणीला बांधणे नव्हे. चारा, पाणी, निवारा आणि औषध यांची रोज कोणीतरी विचारपूस केली पाहिजे, ही समज त्यामागे आहे. मनुष्याच्या बाबतीत ती अधिकच लागू पडते.

पावसचे उदाहरण

आपल्या पावस गावास शुश्रूषेचे एक थोर उदाहरण लाभले आहे. स्वामी स्वरूपानंद यांचा जन्म १५ डिसेंबर १९०३ रोजी पावस येथे झाला. १९३४ साली ते अत्यंत गंभीर आजारी पडले. त्या आजारानंतर देसाई कुटुंबाच्या 'अनंत निवास' या घरात ते सुमारे चाळीस वर्षे राहिले आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. आज देशभरातून येणारे भाविक समाधिमंदिराबरोबर त्या घराचेही दर्शन घेतात. आध्यात्मिक अधिकाराची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु प्रकृतीने नाजूक झालेल्या एका व्यक्तीस एका कुटुंबाने चार दशके आपल्या घरात प्रेमाने सांभाळले, ही घटना शुश्रूषेच्या इतिहासातही नोंद करण्यासारखी आहे. त्या घरास तपासनीसाची गरज नव्हती. सेवा करणारे आणि सेवा घेणारे एकाच छताखाली, एकाच चुलीवर जेवत होते. आणि गावाचा राबता दारात अखंड होता. चांगल्या सेवेच्या दोन अटी त्यातून आपोआप सिद्ध होतात : सेवा करणाऱ्याने सेवा घेणाऱ्यासारखेच जगावे, आणि घराचे दार बाहेरच्या नजरेस उघडे असावे.

आज हे चित्र प्रत्येक घरी शक्य राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ नोंदली गेली. २००१ च्या तुलनेत ती जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली होती, आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांचा अर्थ आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. तरुण पिढी मुंबई-पुण्यास अथवा परदेशी आणि आई-वडील गावच्या घरात, ही कोकणची जुनी कहाणी आहे. व्यापारानिमित्त येथे स्थायिक झालेली आपली कुटुंबेही त्यास अपवाद राहिली नाहीत. जे काम पूर्वी घर करीत असे ते आता काही प्रमाणात संस्थेकडे जाणार, हे मान्य केले पाहिजे. संस्थेच्या घरात मात्र सेवक पगारी असतो, नातेवाईक दूर असतो आणि फाटक बंद असते. म्हणून तेथे तपासणीची व्यवस्था हेतुपूर्वक निर्माण करावी लागते.

रत्नागिरीचे रुग्णालय आणि शेरेबुक

अशा व्यवस्थेचा एक जुना दाखला आपल्या जवळच, पावसपासून अठरा-वीस किलोमीटरवर आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ साली सुरू झाले. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यास ब्रिटिशांनी रत्नागिरीस आणले तेही याच वर्षी. राजाच्या बंदिवासाची कथा सर्वांस माहीत आहे. त्याच गावात भिंतीआड राहिलेल्या सामान्य रुग्णांची कथा कोणी फारशी सांगितली नाही. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत येरवडा, ठाणे आणि नागपूर यांच्या तुलनेत ३६५ खाटांचे हे रुग्णालय सर्वांत लहान. परंतु कोकणातील असंख्य कुटुंबांचा तो शेवटचा आधार ठरला.

भिंतीआड ठेवलेल्या माणसाची विचारपूस बाहेरच्या व्यक्तींनी करावी, हे तत्त्व ब्रिटिश अमदानीत १८५८ च्या कायद्याने आपल्याकडे आणले. १९१२ च्या कायद्याने ते अधिक स्पष्ट केले. प्रत्येक रुग्णालयासाठी किमान तीन अभ्यागत नेमावेत. त्यांपैकी दोन किंवा अधिक अभ्यागतांनी, ज्यांत एक वैद्यकीय अधिकारी असेल, महिन्यातून निदान एकदा एकत्र येऊन रुग्णालयाचा प्रत्येक भाग पाहावा. शक्य तितक्या प्रत्येक रुग्णास भेटावे. मागील भेटीनंतर दाखल झालेल्यांचे दाखल्याचे कागद तपासावेत आणि आपले शेरे त्यासाठी ठेवलेल्या पुस्तकात लिहावेत, असे त्यात नमूद होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या कलमातील तीन गोष्टी आजही आदर्श वाटतात. भेट दर महिन्याला व्हावी, इमारतीचा एकही कोपरा सुटू नये आणि माणसास प्रत्यक्ष भेटावे. हे तिन्ही दंडक निष्ठेने पाळले गेले असते, तर पुढील इतिहास वेगळा झाला असता.

तो तसा झाला नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल सादर केला. त्यासाठी मनोरुग्णालयांची स्वतंत्र पाहणी झाली होती. बहुसंख्य इमारती कालबाह्य असून त्या उपचारासाठी नव्हे तर माणसे कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता. त्यानंतर अर्धशतक उलटले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळूरच्या निमहान्स या संस्थेच्या सहकार्याने ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ साली अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हाही अनेक ठिकाणची रचना तुरुंगासारखीच आढळली. मधल्या काळात अभ्यागत मंडळे कागदोपत्री अस्तित्वात होती. शेरेबुकात शेरा पडणे आणि त्या शेऱ्यावर कार्यवाही होणे, यांतील अंतर मोठे असते, हाच त्याचा बोध होय.

ट्रस्टची झडती आणि सर्वोच्च न्यायालय

आता आपल्या समाजाशी थेट निगडित असलेल्या प्रकरणाकडे वळू. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० साली आला. आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. या कायद्याने ट्रस्टची नोंदणी, हिशेब व वार्षिक लेखापरीक्षण बंधनकारक केले आणि कलम ३७ अन्वये धर्मादाय आयुक्त व त्यांच्या अधिकाऱ्यांस ट्रस्टच्या मालमत्तेत प्रवेश करून पाहणी करण्याचा अधिकार दिला. धार्मिक संस्थांमध्ये त्यामुळे खळबळ उडाली. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्यास आव्हान दिले. मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचे आव्हानही त्याबरोबर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च १९५४ मध्ये निकाल लागला.

तो निकाल प्रत्येक विश्वस्ताने समजून घेण्यासारखा आहे. धर्म म्हणजे काय आणि धार्मिक संस्थेच्या मालमत्तेचे व्यवस्थापन म्हणजे काय, यांतील भेद न्यायालयाने त्यात स्पष्ट केला. धर्मादाय आयुक्तास धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद आणि ट्रस्टचा निधी त्याच्या मूळ हेतूबाहेर वळविण्याच्या काही तरतुदी न्यायालयाने रद्द केल्या. ट्रस्टची स्वायत्तता त्यामुळे सुरक्षित राहिली. पाहणीचा अधिकार मात्र कायम ठेवला. अधिकाऱ्याने विश्वस्तांस वाजवी पूर्वसूचना द्यावी आणि ट्रस्टच्या धार्मिक प्रथांचा मान राखावा, अशी अट कलमातच असल्याने धर्मस्वातंत्र्यास त्यामुळे बाधा येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. याचा सरळ अर्थ असा की, संस्था आपली. पण ती पाहण्याचा समाजाचा हक्क नाकारता येत नाही.

त्यानंतरच्या काळात हिशेबाची तपासणी आपल्या ट्रस्टांच्या अंगवळणी पडली. ऑडिटर येतो, जमाखर्चाची पत्रके तयार होतात, ती धर्मादाय कार्यालयात सादर होतात. हे उत्तमच आहे. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकवली जाते : ताळेबंद पैशात मोजता येईल तेवढेच सांगतो. अन्नखर्च अमुक हजार, औषधखर्च अमुक हजार, ही नोंद बरोबर असू शकते आणि तरीही खोलीतील आजीचे ताट तसेच परत गेलेले असू शकते. लेखापरीक्षकाच्या अहवालात त्या ताटास रकाना नसतो. सेवागृहाच्या तपासणीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

कायदे आले, तेही दुर्घटनांच्या मागोमाग

स्त्रिया व मुलांच्या संस्थांसाठी परवाना सक्तीचा करणारा केंद्रीय कायदा १९५६ साली झाला, आणि अनाथालये व तत्सम धर्मादाय गृहांवर देखरेख ठेवणारा कायदा १९६० साली. मान्यतेचे प्रमाणपत्र, नियंत्रण मंडळ, पाहणी हे सर्व त्यात होते. मनोरुग्णांसाठी १९८७ चा कायदा आला. त्याने अभ्यागतांची किमान संख्या पाचवर नेली आणि त्यांत समाजसेवकांस स्थान दिले. परंतु कायदा पुस्तकात असणे आणि तो फाटकाच्या आत पोहोचणे यांतील दरी ६ ऑगस्ट २००१ रोजी साऱ्या देशाने पाहिली. तामिळनाडूतील एरवाडी येथे धार्मिक स्थळाच्या आश्रयाने चालणाऱ्या खाजगी मनोरुग्णगृहाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवास आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा बळी गेला. तेथे रुग्णांस सोडून जाणारे नातेवाईक श्रद्धेनेच आले होते, हे विशेष लक्षात घ्यावे. श्रद्धास्थानाच्या छायेत चालणारे घर म्हणून तपासणीत सूट देणे किती महाग पडते, याचा तो हृदयद्रावक धडा होता. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यानंतर अशा गृहांची देशव्यापी पाहणी सुरू झाली.

महाराष्ट्रही अशा घटनांपासून मुक्त राहिला नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथे मतिमंद मुलांच्या गृहातील मुलांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या बातम्या २०१० साली आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील अशा गृहांच्या पाहणीसाठी समिती नेमली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तपासणी समित्यांची पद्धत नेमकी केली. दर तीन महिन्यांतून किमान एक भेट, चमूत किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी, आणि भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल, अशी ती रचना आहे.

तपासणी कशी करावी याचा वस्तुपाठ मात्र मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या चमूने घालून दिला. बिहार सरकारच्या विनंतीवरून या चमूने तेथील ११० निवासी संस्थांची पाहणी करून २०१८ साली अहवाल दिला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील भीषण अत्याचार त्यामुळे उजेडात आले आणि पुढे २०२० मध्ये दिल्लीतील न्यायालयाने दोषींस शिक्षा ठोठावली. त्याच गृहात त्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटी होत होत्या. फरक एवढाच की, या चमूने नोंदवह्यांबरोबर माणसेही पाहिली. संचालकांच्या अनुपस्थितीत, विश्वास संपादन करून, राहणाऱ्यांशी संवाद साधला. शंभर वर्षांपूर्वीच्या कलमातील 'प्रत्येकास भेटावे' या शब्दांचा खरा अर्थ तेव्हा प्रकट झाला.

वृद्धांसाठी अपुरी राहिलेली तरतूद

मनोरुग्णांसाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून अंमलात आला. त्यात संस्थांची नोंदणी, किमान मानके व दर तीन वर्षांनी परीक्षण यांची तरतूद आहे. परीक्षण करणाऱ्यांत स्थानिक समाजाच्या प्रतिनिधींचाही समावेश करता येतो. वस्त्रव्यवसायातील माणसाचे लक्ष त्यातील आणखी एका तरतुदीकडे जाते. रुग्णाची इच्छा असल्यास त्यास स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादता येत नाही आणि सक्तीने मुंडनही करता येत नाही. माणसाची ओळख त्याच्या वस्त्रात असते, हे कायदेमंडळाने मान्य केले ही लहान गोष्ट नव्हे.

वृद्धांच्या बाबतीत चित्र अजून अपुरे आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला; महाराष्ट्राचे नियम २०१० साली आले. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेले वृद्धाश्रम शासन स्थापन करू शकेल, असे कायद्यात म्हटले आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत अशा आश्रमासाठी प्रत्येक व्यक्तीमागे शयनकक्षात साडेसात चौरस मीटर जागा, उतरंडीचा मार्ग व आधाराचे कठडे, पौष्टिक आहार, थंडीसह सर्व ऋतूंसाठी पुरेसे कपडे व अंथरूण-पांघरूण आणि तातडीच्या उपचारासाठी जवळच्या रुग्णालयाशी संधान, अशी मानके दिली आहेत. परंतु खाजगी अथवा धर्मादाय वृद्धाश्रमांच्या सक्तीच्या नोंदणीची तरतूद मूळ कायद्यात नाही. ती आणण्यासाठीचे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच २०२४ मध्ये त्या लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले.

तात्पर्य, मुलांच्या गृहात दर तीन महिन्यांनी समिती जाते. मनोरुग्णांच्या संस्थेचे दर तीन वर्षांनी परीक्षण होते. वृद्धाश्रमाच्या दारात मात्र नियमितपणे कोण जाणार, हे बऱ्याच अंशी चालकांच्या व दात्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर राहिले आहे. अग्निसुरक्षेपुरती एक निश्चित चौकट उपलब्ध आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोन वेळा, जानेवारीत व जुलैत, द्यावयाचे असते. कागदाचे महत्त्व आहेच. परंतु ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात आगीने दहा नवजात अर्भकांचा बळी घेतला आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण दगावले. जे स्वतःहून उठून चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी आगीचे काही क्षणही फार असतात, हे या घटनांनी दाखविले. वृद्धाश्रमातील अंथरुणास खिळलेला माणूस याच वर्गात मोडतो.

कोकणातील घरात काय पाहावे

सर्व मानके दिल्ली-मुंबईत ठरतात. पाहणी मात्र गावाच्या हवेत करावी लागते. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि म्हाताऱ्या माणसाचे मोडलेले खुब्याचे हाड त्यास कायमचे अंथरुणास खिळवते. म्हणून पाहणी चैत्रात नव्हे, आषाढात करावी. वीज गेल्यावर रात्री न्हाणीघरापर्यंत उजेड पोहोचतो काय, तेथे धरावयास कठडा आहे काय, कडी बाहेरून उघडता येते काय, हे दिवसाढवळ्या चहा घेऊन परतणाऱ्या पाहुण्यास कळणार नाही. विहिरीचे पाणी पहिल्या पावसानंतर गढूळ होते. ते निर्जंतुक केल्याची नोंद पाहावी आणि टाकीचे झाकण स्वतः उचलून पाहावे. आवारात पालापाचोळा व दगडांचे ढीग असतील तर फुरशाचा धोका कोकणी माणसास सांगावयास नको. सर्पदंश झाल्यास रात्री वाहन कोणाचे आणि न्यावयाचे कोठे, याचे उत्तर पहारेकऱ्यास पाठ असले पाहिजे.

आपल्या समाजातील वृद्धांसाठी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. चौविहार पाळणाऱ्या आजोबांचे जेवण सूर्यास्तापूर्वी तयार होते काय, त्यांच्या औषधांच्या वेळा त्या जेवणाशी डॉक्टरांच्या सल्ल्याने जुळविल्या आहेत काय, उकाळलेले पाणी वेळेवर मिळते काय, कंदमुळाविना केलेली भाजी निराळ्या भांड्यात शिजते काय, सामायिकासाठी शांत कोपरा आहे काय, हे सरकारी नमुन्यात येणार नाही. परंतु ज्याने आयुष्यभर व्रत सांभाळले त्यास शेवटच्या वर्षांत ते मोडावे लागणे हीही एक प्रकारची हिंसाच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राहणाऱ्याशी एकांतात बोलावे. व्यवस्थापक शेजारी उभे असताना 'सगळे छान आहे' हेच उत्तर मिळणार. आजीच्या शेजारी बसून नख वाढले आहे काय, पाठीस जखम आहे काय, चादर कधी बदलली, घरून आलेला फोन तिला दिला जातो काय, हे हळुवारपणे विचारावे. सेवकांशीही बोलावे. रात्री तीस जणांमागे एकच बाई असेल आणि तीही दिवसपाळी करून थांबलेली असेल, तर दोष तिचा नसतो. तपासणीचा हेतू कोणास पकडणे हा नसून उणीव वेळीच दूर करणे हा आहे. प्रतिलेखनेतही जीव सापडल्यास वस्त्रास कोणी दोष देत नाही. जीव अलगद बाजूला ठेवतात आणि पुढची घडी उघडतात.

सुवर्णमहोत्सवी वर्षाचा संकल्प

दीडशे वर्षांच्या या इतिहासाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. कायदे वारंवार झाले आणि बहुतेक दुर्घटनांच्या मागोमाग झाले. जेथे बाहेरची माणसे नियमाने आत गेली, प्रत्येकास भेटली आणि लिहिलेल्या शेऱ्याचा पाठपुरावा केला, तेथे सुधारणा झाली. जेथे भेट हा केवळ उपचार उरला, तेथे दानाचा पैसा आणि विश्वस्तांचा सद्‌हेतू दोन्ही असूनही माणसे होरपळली.

म्हणून आपल्या ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे नम्रपणे एक सूचना मांडावीशी वाटते. यापुढे ज्या सेवागृहास आपण देणगी देऊ, त्यास देणगीबरोबर भेटीची अटही घालावी. तीन श्रावक-श्राविकांची एक छोटी समिती असावी. तीत किमान एक महिला आणि एक डॉक्टर असावेत. तिने दर तीन महिन्यांनी, त्यांपैकी निदान एकदा भर पावसात आणि एकदा दिवेलागणीनंतर, त्या घरी जावे. शेरेबुक तेथेच ठेवावे आणि पुढील भेटीच्या आरंभी मागील शेरे मोठ्याने वाचावेत. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर या भेटींचा वृत्तान्तही सभासदांपुढे यावा. यास फार पैसा लागत नाही. वेळ आणि चिकाटी लागते. संस्थाचालकांनीही ही भेट अविश्वास न मानता हक्काची मदत मानावी. ज्याचे घर स्वच्छ आहे त्यास दार उघडण्याचा संकोच नसतो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी हा ट्रस्ट स्थापन केला, त्यांपैकी कित्येक आज आपल्यात नाहीत. आपणही उद्या कोणाच्या तरी आधाराने राहणार आहोत. त्या दिवशी आपल्या खोलीचे दार कोणीतरी बाहेरून वाजवावे, आत येऊन खुर्ची जवळ ओढावी आणि 'काका, जेवलात का?' असे मनापासून विचारावे, एवढी व्यवस्था आज दुसऱ्यांसाठी आपण करून ठेवू या.

जय जिनेंद्र!